कुलवृत्तान्तात सापडलेले नाव आपल्याच पूर्वजाचे कशावरून?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाईजवळच्या एका गावातले जोशी घराणे सहा-सात पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून घाट चढून देशावर आले, अशी हकिकत घरात आजीकडून ऐकलेली आहे. सात नावांची एक हस्तलिखित वंशावळ जपून ठेवलेली आहे आणि तिच्यातले सर्वांत अलीकडचे नाव १९१५ साली जन्मलेल्या आजोबांचे आहे. त्याखेरीज इनाम जमिनीसंबंधीचा एक मोडी कागद आहे. त्याच्या मथळ्यातले ‘सन समान सबैन मया व अलफ’ आणि ‘छ ५ रमजान’ एवढे शब्द एका जाणकाराने वाचून दिले आहेत. आता ज्ञातीच्या छापील कुलवृत्तान्तात, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी एकत्र छापलेल्या ग्रंथात, खापरपणजोबांच्या नावाची, त्यांच्याच वडिलांच्या नावासह, एक व्यक्ती सापडली असून तिचा जन्म शके १७२२ असा छापला आहे. ही आपलीच शाखा मानून वंशवेल जोडून टाकावी का, असा प्रश्न आहे.

आत्ताच जोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव जुळते आहे, वडिलांचे नावही जुळते आहे. पण काळ जुळत नाही. शके १७२२ म्हणजे इसवी सन १८०० किंवा १८०१. आजोबांचा जन्म १९१५ चा धरून प्रत्येक पिढीला साधारण २८ वर्षे दिली, तर पणजोबा १८८७ च्या आसपासचे आणि खापरपणजोबा १८५९ च्या आसपासचे ठरतात. पाच-दहा वर्षांचा फरक कोणत्याही घराण्यात पडतो आणि उतारवयात झालेल्या मुलामुळे वीस वर्षांचाही पडतो, परंतु दोन पिढ्यांत मिळून साठ वर्षांची तफावत अशी सहज भरून निघत नाही. तेव्हा कुलवृत्तान्तातली ती व्यक्ती तुमचे खापरपणजोबा असण्याची शक्यता फार कमी आहे.

मात्र तेवढ्याने तो धागा सोडून देण्याचेही कारण नाही. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत होती. त्यामुळे एकाच घराण्यात दोन नावे आलटून पालटून येत राहतात: गोविंद रामचंद्र, त्याचा मुलगा रामचंद्र गोविंद, आणि त्याचा मुलगा पुन्हा गोविंद रामचंद्र. म्हणजे केवळ नावच नव्हे, तर नाव आणि वडिलांचे नाव अशी जोडीही दर तिसऱ्या पिढीला जशीच्या तशी परत येते. श्रीवर्धनच्या भट घराण्याचे म्हणजे पेशव्यांचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, आणि पहिल्या बाजीरावांचा नातू, रघुनाथरावांचा मुलगा, दुसरा बाजीराव. साल न सांगता नुसते ‘बाजीराव पेशवे’ म्हटले तर साठ-सत्तर वर्षांची गल्लत व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या हिशेबात सातांपैकी पाचवे नाव, म्हणजे खापरपणजोबांच्या आजोबांचे, १८०३ च्या आसपास पडते. तेव्हा घरातल्या वंशावळीत तिसऱ्या आणि पाचव्या जागी एकच नाव आहे का, हे आधी पाहावे. असेल, तर कुलवृत्तान्तातली व्यक्ती त्या पाचव्या जागेवरची असू शकेल आणि मग पुढचा शोध घेण्यात अर्थ आहे. वंशावळीची नक्कल करणाऱ्याची नजरही अशा पुनरावृत्तीत हमखास चुकते. एका गोविंदावरून खालच्या गोविंदावर उडी जाते आणि मधल्या दोन पिढ्या गळतात. घरातली नक्कल कोणी, केव्हा आणि कशावरून केली, हे कुणाला आठवत असेल तर तेही आजच लिहून ठेवावे.

आता मोडी कागदाकडे वळतो, कारण तुमच्या हातातले सर्वांत मोलाचे साधन तेच आहे आणि प्रश्नात त्याचा उल्लेख जाता जाता आलेला आहे. मथळ्यातले शब्द शुहूर सनाचे, म्हणजे बोलीभाषेत ज्याला अरबी सन म्हणतात त्याचे आहेत. समान म्हणजे आठ, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार; एकूण ११७८. हा सन मृगसालाप्रमाणे, सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवावे लागतात. ‘छ’ हे अक्षर चांद्र तारीख दाखवते आणि महिना हिजरी असतो. हिजरी महिने ऋतूंमधून सरकत राहतात, त्यामुळे रमजान म्हटल्यावर तो पावसाळ्यात होता की उन्हाळ्यात, हे जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा जुळवून देणारे कोष्टक, पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. त्या वर्षी रमजान ऑक्टोबरात होता, म्हणून ११७८ मध्ये ५९९ मिळवून तुमच्या कागदाचा काळ ऑक्टोबर १७७७ असा येतो. तुमच्या वंशावळीतले सातवे नाव याच हिशेबाने १७४७ च्या आसपासचे ठरते, म्हणजे १७७७ मध्ये तो माणूस तिशीतला, जमिनीचा कागद नावावर होण्याच्या वयाचा होता. हे जुळणे आशादायक आहे. पण कागदातले नाव अजून वाचून झालेले नसल्यामुळे त्याला सध्या एवढेच म्हणता येईल.

याच कागदामुळे आणखी एक अडचण उभी राहते. १७७७ चा कागद वाईकडच्या जमिनीचा असेल, तर तुमचे घराणे तोपर्यंत देशावर आलेले होते. मग १८०० साली जन्मलेला त्यांचा वंशज कुलवृत्तान्तात कोकणातल्या मूळ गावी राहणारा म्हणून दाखवला असेल आणि त्याची मुले-नातवंडेही तिथेच नांदलेली असतील, तर ती शाखा तुमची नव्हे. उलट, त्या नोंदीपाशी स्थलांतराचा उल्लेख असेल किंवा त्याच्या दोन पिढ्या आधी एक भाऊ घाटावर गेल्याचे लिहिलेले असेल, तर त्या भावाची शाखा नीट तपासली पाहिजे. कागदातली जमीन कोणत्या गावची, यावर हे सर्व अवलंबून आहे. म्हणून मथळ्यावर न थांबता कागद शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घ्यावा. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नाही, त्यामुळे विशेषनामांचे वाचन दोन वेगवेगळ्या वाचकांकडून स्वतंत्रपणे करून घ्यावे आणि पहिल्याचे वाचन दुसऱ्याला आधी दाखवू नये. ‘बिन’ किंवा ‘वलद’ हे शब्द मुलगा कोणाचा ते सांगतात आणि ‘कोम’ हा शब्द बाई कोणाची पत्नी ते सांगतो. हे तीन शब्द जिथे असतील, तिथे थांबून पुढचे-मागचे नाव दोनदा वाचावे.

कुलवृत्तान्तांविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण छापील ग्रंथ पाहिला की माणसे हात जोडतात. या ग्रंथांमागे अफाट कष्ट आहेत आणि ते झाले नसते तर असंख्य घराण्यांची माहिती आज पूर्णपणे बुडाली असती. पण ते तयार कसे झाले, हे लक्षात ठेवावे. संपादकांनी आडनावाच्या घरोघरी पत्रे आणि माहितीचे तक्ते पाठवले, गावोगावी जाऊन चौकशी केली आणि ज्यांनी उत्तर दिले त्यांची माहिती आली. अलीकडच्या तीन-चार पिढ्या माहीतगारांनी स्वतः लिहून दिलेल्या असतात आणि त्या बहुधा भरवशाच्या असतात. त्यावरच्या पिढ्या घरातल्या जुन्या वंशावळींवरून घेतलेल्या असतात, आणि अगदी वरचा मूळ पुरुष पुष्कळदा परंपरेने सांगितलेला असतो. एकाच पानावर, एकाच टाइपात, एकाच क्रमांकपद्धतीत ही तीनही प्रकारची माहिती छापली गेली की तिचा दर्जा सारखा वाटू लागतो. म्हणून प्रस्तावना वगळू नये. कोणत्या घराण्याची माहिती कशावरून घेतली, हे प्रामाणिक संपादकांनी तिथे किंवा घराण्याच्या आरंभी नोंदवलेले असते.

दोन ठिकाणे विशेष पाहावीत. पहिले म्हणजे ‘निर्वंश’ किंवा ‘पुढील माहिती नाही’ असे शेरे. गावी राहिलेल्या भावबंदांनी माहिती दिली, तेव्हा शंभर-दीडशे वर्षांपूर्वी देशावर गेलेल्या चुलतशाखेचा पत्ता त्यांना नसणे स्वाभाविक होते, आणि अशा शाखांचा वंश कागदावर सहज खुंटवला जातो. खुंटलेल्या शाखेचे वंशज बडोद्याला किंवा इंदूरला सुखाने नांदत असल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. दुसरे ठिकाण म्हणजे मुख्य वंशाला न जुळलेल्या सुट्या घराण्यांचा विभाग, जो बहुधा ग्रंथाच्या अखेरीस असतो. संपादकांकडे तुमच्याच गावातल्या एखाद्या भाऊबंदाने पूर्वी माहिती पाठवलेली असेल आणि ती कुठे जोडता आली नसेल, तर ती इथे पडून असेल.

जोशी या आडनावाबद्दल जास्त सावध राहावे. जोशी, कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वृत्तीवरून किंवा वतनावरून पडलेली आडनावे आहेत. एकाच गावात शेजारी राहणारी दोन जोशी घराणी परस्परांची कोणीही नसू शकतात, आणि तुमचे त्यापूर्वीचे उपनाव निराळेच असू शकते. इथे गोत्र उपयोगी पडते, पण ते नकारासाठी. गोत्र वेगळे निघाले तर ती शाखा बाजूला ठेवता येते, मात्र गोत्र जुळले म्हणून शाखा जुळली असे होत नाही. मराठा घराण्यांत देवकाचे आणि सर्वच समाजांत कुलदैवताचे हेच म्हणता येईल, कारण एकेका दैवताची कुळे हजारोंनी असतात. कोकणातल्या छोट्या गावचे ग्रामदैवत कुलदैवत म्हणून चालत आलेले असेल, तर मात्र ती बऱ्यापैकी नेमकी खूण आहे. घराण्याचा अभिषेक किंवा नवरात्रातला मान तिथे कोणाच्या नावाने चालतो, हे गुरवाकडे विचारावे.

खालच्या चार पिढ्या सरकारी दप्तरातून पक्क्या केल्याशिवाय वरच्या पिढ्यांना हात लावू नये, हा माझा नियम आहे आणि तो मोडल्याचा पश्चात्ताप मला स्वतःला झालेला आहे. आजोबांसाठी प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे, ज्यात पूर्ण नाव, जात, जन्मतारीख आणि जन्मस्थळ मिळते. पणजोबांसाठी गाव नमुना नंबर १४, ज्याला खेड्यात अजूनही कोतवाल बुक म्हणतात, ती जन्म-मृत्यूची नोंदवही तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात पाहावी. तिथली जुनी पाने बहुधा मोडीतच असतात. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून अशा कागदांचे वाचन आणि स्कॅनिंग मोठ्या प्रमाणावर झाले. त्यातली पाने ज्या नोंदीसाठी काढली गेली, तिच्या वरखाली शेजारच्या घरांच्याही नोंदी असतात, हे इतरांनीही ध्यानात घ्यावे.

वंशावळीसाठी सर्वांत उत्तम सरकारी कागद कोणता, असे विचारले तर मी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, सांगेन. माणूस मेला, त्याचे वारस अमुक, असे तलाठ्याने लिहिले की ते सर्व भावांच्या समोर येते, आणि जमिनीत हिस्सा असलेला माणूस चुकीच्या नोंदीवर गप्प बसत नाही. ज्ञातीच्या वंशावळीत गळलेली विधवा, सावत्र मुलगा, दत्तक, हे सर्व इथे सापडतात. मात्र त्यातली संक्षेपाक्षरे कळली पाहिजेत. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या शेऱ्यासह एकट्या थोरल्याचे नाव लागले असेल, तर धाकटे भाऊ होतेच, फक्त कागदावर आले नाहीत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप वारला तेव्हा मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता आणि आई पालनकर्ती होती, हे त्यातून कळते, आणि पुष्कळदा त्या बाईचे नाव तेवढ्या एकाच ओळीत टिकून राहिलेले असते. एक व्यावहारिक अडचणही सांगून ठेवतो. १९४७ च्या कायद्याने जमिनींचे एकत्रीकरण जिथे झाले, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजच्या सातबाऱ्यावरचा गट घेऊन जुना फेरफार शोधता येत नाही. आधी एकत्रीकरणाच्या तक्त्यावरून जुना नंबर काढावा लागतो.

तुमच्या कागदात इनामाचा विषय आहे, म्हणून पुण्याच्या पुराभिलेखागाराचाही विचार करावा, जिथे पेशवे दप्तर आहे. ब्रिटिश अंमलात इनामांची चौकशी झाली, १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यामुळे तुमच्या भागातली ब्रिटिशांची तपासणी त्यानंतरची असणार. इनाम कोणाला मिळाले आणि त्याच्यापासून आपण कितवे, हे इनामदाराला अशा चौकशीत दाखवावे लागे. त्यामुळे त्या प्रकरणांत पिढ्यांची यादी मिळण्याचा चांगला संभव असतो. पण ती हक्क शाबीत करण्यासाठी दिलेली यादी आहे, तेव्हा अडचणीचा भाऊबंद तिच्यातून वगळलेला असू शकतो, हे मनात ठेवूनच ती वाचावी.

कोकण आणि देश या दोहोंना जोडणारा पुरावा मात्र सरकारी दप्तरात सहसा मिळत नाही, कारण प्रत्येक कचेरी आपल्या हद्दीपुरतेच पाहते. तो मिळाला तर तीर्थोपाध्यांच्या वह्यांत मिळतो. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथे यात्रेकरू आला की उपाध्याय त्याच्या घराण्याची वही काढतात आणि आलेला माणूस आपले, बापाचे, आजाचे, भावांचे व मुलांचे नाव लिहून सही करतो. स्थलांतर केलेला माणूस तिथे ‘मूळ गाव अमुक, हल्ली वस्ती अमुक’ असे लिहितो, आणि तुम्हाला हवी आहे ती नेमकी हीच ओळ. वह्या गाव आणि ज्ञाती यांप्रमाणे लावलेल्या असतात, म्हणून वाईकडच्या गावाच्या नावाने आणि कोकणातल्या मूळ गावाच्या नावाने, अशी दोनदा चौकशी करावी. एका कुटुंबासाठी मी दोन दिवस एका उपाध्यायांच्या घरी बसून वह्या पाहिल्या आणि तिसऱ्या दिवशी कळले की त्या गावची अर्धी घरे वाटणीत दुसऱ्या भावाच्या घराण्याकडे गेलेली आहेत. पहिल्या दिवशीच विचारले असते तर पाच मिनिटांत समजले असते. वही जुनी झाली की तिची नक्कल केली जाते, तेव्हा समोरची नोंद मूळ आहे की नकललेली, हे अक्षर आणि शाई पाहून ठरवावे. पूर्वजाची स्वतःची सही असलेली नोंद नकलेपेक्षा कितीतरी वजनदार असते. दक्षिणा द्यावी आणि फोटो विचारूनच घ्यावा, कारण वही हे त्यांच्या घरचे धन आहे.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि बेळगावकडच्या वाचकांना हेळव्यांची आठवण होईलच. बैलावर वह्या लादून सुगीनंतर दारी येणारे आणि घराण्याची नावे म्हणून दाखवणारे हे लोक मराठा, लिंगायत, धनगर अशा अनेक समाजांची वंशावळ सांभाळतात. तुमच्या प्रकरणात त्यांचा उपयोग नाही. गोव्यातल्या घराण्यांसाठी देवस्थानच्या महाजनांच्या याद्या आणि गावकारीची दप्तरे आहेत, त्यांचा स्वतंत्र विचार करावा लागेल.

सहसा कोणी पाहत नाही असा एक मार्ग बायकांच्या माहेरचा आहे. कुलवृत्तान्तात मुलीच्या नावापुढे तिचे सासर, नवऱ्याचे नाव आणि गाव दिलेले असते. तुमच्या खापरपणजींचे माहेरचे आडनाव घरात कुणाला माहीत असेल, तर त्या घराण्याच्या कुलवृत्तान्तात तिची नोंद शोधावी. तिथे तुमच्या खापरपणजोबांचे नाव आणि गाव दुसऱ्याच घराण्याने, तुमच्या वंशावळीशी कसलाही संबंध नसताना, नोंदवलेले असेल. अशी एक नोंद मला आपल्याच घरच्या वंशावळीच्या चार नकलांपेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण चारही नकला एकमेकींवरूनच केलेल्या असतात.

तेव्हा तुमच्यापुरता क्रम असा धरावा. या आठवड्यात घरातल्या वंशावळीतले तिसरे आणि पाचवे नाव ताडून पाहावे आणि मोडी कागदाचे स्वच्छ स्कॅन करून तो दोघांकडे स्वतंत्रपणे पूर्ण वाचायला द्यावा. वाचनात जमिनीचे गाव आणि ‘बिन’च्या अलीकडचे-पलीकडचे नाव मिळाले की कुलवृत्तान्त पुन्हा उघडावा. तिसरे आणि पाचवे नाव वेगळे निघाले, किंवा शके १७२२ च्या त्या गृहस्थाचा वंश कोकणातच सलग नांदलेला दिसला, तर ते पान मिटून ठेवावे आणि सरळ अखेरच्या सुट्या घराण्यांच्या विभागाकडे जावे. तिथे शोधताना आधी वाईजवळचे गाव पाहावे, नाव त्यानंतर.